इक्वलायझर लावला आणि मागचे स्पीकर गप्प झाले

विंडोज 10 ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात कित्येक घरांतले चांगले चालणारे डेस्कटॉप अचानक म्हातारे ठरले. विंडोज 11 त्यांना घ्यायला तयार नाही आणि आनंदनगर एमआयडीसीत शिफ्ट करून घरी आलेल्या माणसाला नव्या कॉम्प्युटरसाठी खिशात हात घालायची हौस नाही. मग घरातला नाहीतर शेजारचा एखादा पोरगा पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकून देतो. वायफाय लागते, मराठी टाइप होते, प्रिंटरसुद्धा बहुधा चालतो. राहतो तो कपाटावरचा 5.1 चा सेट: पाच लहान डबे, एक वूफर आणि उल्हासनगरच्या बाजारातून किंवा लॅमिंग्टन रोडवरून आणलेला अँप्लिफायर.

त्याबद्दलची तक्रार ठरलेली असते. आवाज येतो, पण मजा येत नाही. डायलॉग दबलेले, बेस घुमतो किंवा अजिबात नाही, मागून काहीतरी पुसट. यावर सगळेजण एकच औषध सांगतात: इक्वलायझर टाक. पोरगा सॉफ्टवेअर मॅनेजरमधून इझीइफेक्ट्स टाकतो, पट्ट्या वर-खाली करतो, पुढचे दोन स्पीकर खरोखर खुलतात, आणि बाकीचे चार डबे गप्प बसतात. लोक समजतात काहीतरी बिघडले. काही बिघडलेले नसते. इझीइफेक्ट्स हा मुळात दोनच चॅनेलचा कार्यक्रम आहे, हेडफोन आणि साध्या स्टिरिओसाठी बांधलेला. सहा चॅनेलचा आवाज त्याच्याकडे गेला की तो आधी दोनात कालवला जातो आणि पुढे फक्त डाव्या-उजव्या स्पीकरला जोडला जातो. त्याच्या आधीचा पल्सइफेक्ट्सही तसाच होता. अल्साइक्वल नावाचा आणखी जुना दहा पट्ट्यांचा इक्वलायझर आहे, त्याचाही मूळ हिशेब दोनाचाच. आकडा हाताने वाढवावा लागतो.

माझे मत सरळ आहे. लिनक्सवर सराउंडच्या ज्या तक्रारी इक्वलायझरच्या नावावर खपतात, त्यांतल्या बहुतेक इक्वलायझरच्या नसतातच. आवाज फाइलमधून निघतो, प्लेअर तो उलगडतो, मग तो पाइपवायरकडे जातो, तिथून अल्साकडे, मग साउंड कार्ड, वायर, अँप्लिफायर, स्पीकर आणि शेवटी खोली. या वाटेवर इक्वलायझर एका ठिकाणी बसलेला असतो. त्याच्या आधी जे हरवले ते तो परत आणू शकत नाही, त्याच्या नंतर जे घुसले ते तो काढू शकत नाही. ही गोष्ट डोक्यात ठेवली की निम्मा शोध आपोआप संपतो.

या नावांची थोडी ओळख करून घेऊ. अल्सा म्हणजे लिनक्सच्या कर्नलमधला, कार्डाशी थेट बोलणारा थर. त्याच्या वर अनेक वर्षे पल्सऑडिओ होता. आता त्या जागी पाइपवायर आला आहे. तो रेड हॅटमधल्या विम टेमान्स यांनी सुरू केला. फेडोराने तो 2021 मध्ये स्वीकारला, उबुंटूने 22.10 पासून, मिंटने 2024 च्या 22 व्या आवृत्तीपासून. त्यामुळे 2015 च्या सुमाराचे एखादे उत्तर शोधून कोणी पल्सऑडिओची सेटिंग फाइल बदलत बसला, तर नव्या मिंटवर त्या फाइलला कोणी विचारत नाही. आणि पोरगा तासभर म्हणत राहतो, "सगळं बरोबर लिहिलंय, तरी काही होत नाही."

इक्वलायझर बंद ठेवून पहिला प्रश्न विचारायचा: सहा चॅनेल निघतायत तरी का? सिनेमा लावून टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप चालवा. खाली-वर सरकणाऱ्या त्या तक्त्यात प्रत्येक कार्यक्रमासमोर आणि प्रत्येक कार्डासमोर फॉरमॅटचा एक रकाना असतो. त्यात अक्षरांनंतर एक छोटा आकडा आणि मग 48000 दिसते. तो छोटा आकडाच महत्त्वाचा. प्लेअरच्या ओळीत 6 आणि कार्डाच्या ओळीत 2 असेल, तर घोळ कार्डाच्या प्रोफाइलचा, म्हणजे ते किती चॅनेल बाहेर काढते त्या निवडीचा आहे. प्लेअरच्याच ओळीत 2 असेल, तर आवाज मुळात स्टिरिओ आहे आणि मागच्या स्पीकरसाठी कार्डाला शिव्या देण्यात अर्थ नाही. ब्राउझरमध्ये यूट्यूब लावले की सहसा हेच दिसते. कित्येक ओटीटी सेवाही लिनक्सच्या ब्राउझरला दोनच चॅनेल देतात. म्हणून तपासणीला 5.1 ट्रॅक असलेली फाइल आणि एमपीव्ही किंवा व्हीएलसी असलेले बरे.

प्रोफाइल बदलायला पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल हा जुना कार्यक्रम पाइपवायरवरही चालतो. त्याच्या शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये कार्डासमोर ‘ॲनालॉग स्टिरिओ’ असते, तिथे ‘ॲनालॉग सराउंड 5.1’ निवडायचे. पण एवढ्याने भागत नाही, आणि अडकणारे बरेच जण इथेच अडकतात. आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनच्या मदरबोर्डवर मागे तीनच जॅक असतात: हिरवा, निळा, गुलाबी. 5.1 मध्ये हिरवा पुढच्या स्पीकरना जातो, निळा, जो एरवी लाइन-इन असतो, तो मागच्यांना, आणि माइकचा गुलाबी सेंटर आणि वूफरला. पण निळा आणि गुलाबी हे इनपुट सोडून आउटपुट होणार कधी? अल्सामिक्सर उघडा, एफ6 दाबून खरे कार्ड निवडा आणि उजवीकडे सरकत जा. बऱ्याच कार्डांवर चॅनेल मोड नावाचा एक खाना सापडतो. तिथे दोन चॅनेल असे असेल तर ते जॅक अजून कान लावून बसलेले असतात, बोलत नाहीत. सहा करा. त्याच रांगेत सराउंड, सेंटर, एलएफई (वूफरचा चॅनेल) असे वेगळे खांब दिसतील. त्यांच्या बुडाशी दोन एम असतील तर ते म्यूट आहेत. एम दाबून उघडायचे. विंडोजमध्ये कार्डाच्या कंपनीचा कार्यक्रम हे सगळे विचारून करून घेत असे, म्हणून कधी कळले नव्हते इतकेच.

आता डायलॉग दबल्याची तक्रार. याची एक केस इतकी नमुनेदार आहे की ती नीट पाहायला हवी. सिनेमात माणसे गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखी वाटतात. इक्वलायझरमध्ये 2 ते 4 किलोहर्ट्झचा भाग वर केला, कारण व्यंजनांचा स्पष्टपणा तिथे असतो. काही फरक नाही. आणखी वर केला. पुढचे दोन स्पीकर किरकिरे झाले, डायलॉग तसेच. अँप्लिफायरच्या मागे पाहिले तर एका 3.5 मिलिमीटर पिनमधून लाल आणि पांढऱ्या अशा दोन आरसीए पिना फुटलेल्या, आणि त्या सेंटर-सबवूफरच्या भोकांत उलट बसलेल्या. सेंटरचा आवाज वूफरमध्ये जात होता. वूफरच्या आत चाळण असते, ती साधारण 100-150 हर्ट्झच्या वरचे सगळे कापते, म्हणजे बोलण्यातला स्पष्टपणाच कापते. त्यावर इक्वलायझर काय करणार? आणि ज्या गडगडाटासाठी वूफर घेतला, तो बिचाऱ्या सेंटरच्या तीन इंची कोनात जाऊन फडफडत होता. काही मदरबोर्ड हे दोन चॅनेल मुळातच उलट क्रमाने देतात, तर काही अँप्लिफायरवर लेबलेच उलट छापलेली असतात.  मागच्या पॅनेलवरच्या अक्षरांवर विसंबू नये हे कुठल्याही शहरात जोडलेल्या डब्याला लागू आहे.

हे पकडायला स्पीकर-टेस्ट नावाचा आदेश आहे. त्याला सहा चॅनेल आणि वेव्ह असे पर्याय दिले की एक बाई एकेक करून ‘फ्रंट लेफ्ट’, ‘फ्रंट राइट’ असे बोलत जाते आणि एलएफईच्या पाळीला नुसती खरखर येते. ‘फ्रंट सेंटर’ हे शब्द वूफरमधून बुडबुडत आले की निदान झाले. पिना अदलाबदल करा, संपले. हे ऐकताना एक गोष्ट गोंधळात टाकते. अल्साच्या क्रमात पुढचे दोन झाल्यावर मागचे दोन येतात, मग सेंटर आणि एलएफई. वेव्ह फाइलच्या क्रमात मात्र पुढच्या दोनांनंतर सेंटर, एलएफई आणि शेवटी मागचे. दोन्ही क्रम आपापल्या जागी बरोबर आहेत. पण कोणी इक्वलायझरची फाइल हाताने लिहिताना एकाचा क्रम दुसऱ्याला लावला, तर मागच्या स्पीकरमधून हिरो बोलू लागतो.

ज्यांनी ॲनालॉग वायरी सोडून ऑप्टिकल घेतली आहे, त्यांचे दुखणे निराळे. ऑप्टिकल वायरीतून उलगडलेला आवाज दोनच चॅनेलचा जातो. 5.1 पाठवायचे तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसच्या दाबलेल्या रूपातच. म्हणून प्लेअरमध्ये पासथ्रू चालू करतात: फाइलमधले गाठोडे न सोडता जसेच्या तसे अँप्लिफायरकडे. मागचे स्पीकर वाजू लागतात, आणि त्याच क्षणी लिनक्सवरचा कुठलाही इक्वलायझर, इतकेच काय आवाजाची पट्टीसुद्धा, शोभेची होते. बंद गाठोड्यात बेस वाढवता येत नाही. तेव्हा अँप्लिफायरच्याच रिमोटवर काय सोय आहे ते पाहावे, नाहीतर कॉम्प्युटरवर सहाच्या सहा चॅनेल उलगडून, त्यांवर इक्वलायझर लावून, मग पुन्हा एसी-3 मध्ये, म्हणजे डॉल्बी डिजिटलच्याच रूपात, बांधून पाठवावे. अल्साचा ए52 प्लगइन ते करतो, पण नव्या माणसाने त्यात पडू नये. एचडीएमआय असेल तर सगळे सोपे: ती आठ चॅनेल उलगडलेलीच नेते. फक्त वायर आधी टीव्हीत आणि मग अँप्लिफायरमध्ये अशी लावली असेल, तर टीव्ही कॉम्प्युटरला ‘मला दोनच झेपतात’ असे सांगतो आणि 5.1 चा पर्याय यादीत उगवतच नाही. आधी अँप्लिफायर, मग टीव्ही.

बेसची गोष्ट मला या सगळ्यात सर्वात रंजक वाटते, कारण तिथे चूक कोणाचीच नसते. 5.1 मधला तो पॉइंट वन म्हणजे एलएफई, स्फोट-गडगडाटासाठी ठेवलेला वेगळा चॅनेल, साधारण 120 हर्ट्झपर्यंतचा. लोकांना वाटते सिनेमाचा सगळा बेस त्यात असतो. नसतो. ढोल, बेस गिटार, रेल्वेची धडधड यांतले बरेच काही पुढच्या डाव्या-उजव्या चॅनेलमध्येच असते, आणि ते वाजवायला मोठे स्पीकर आहेत असे गृहीत धरलेले असते. महागडे रिसीव्हर लहान स्पीकरना न झेपणारा खालचा भाग काढून वूफरकडे वळवतात. आपल्या सहा पिनांच्या अँप्लिफायरमध्ये ही सोय बहुधा नसते. जे ज्या पिनेतून आले, ते त्या डब्यात. मग तीन इंची कोन 60 हर्ट्झ वाजवू शकत नाही, बेस हरवतो, माणूस इक्वलायझरवर 60 हर्ट्झ वर करतो आणि कोन फाटक्या आवाजात थरथरतो. जे काम वूफरचे होते, ते लहान डब्यावर लादले गेले.

स्टिरिओ गाण्यांच्या बाबतीत पाइपवायर थोडी मदत करतो. दोन चॅनेलवरून बाकीचे तयार करताना तो खालचा भाग गाळून वूफरला देतो. हद्द एका सेटिंगमध्ये हर्ट्झमध्ये लिहिलेली असते. पल्सऑडिओत ही सोय बहुतेकदा मुळात बंद असायची, म्हणून जुन्या उबुंटूवर गाण्यांना वूफर मुका राहायचा. पण सिनेमाचा ट्रॅक आधीच सहा चॅनेलचा असला, तर कोणीच काही वळवत नाही. ते आपल्याला करावे लागते, आणि तिथे खरा इक्वलायझर कामाला येतो.

तो म्हणजे पाइपवायरचा स्वतःचा फिल्टर-चेन. पट्ट्या नाहीत, रंगीत आलेख नाही, एक साधी मजकूर फाइल. सहा फिल्टरच्या इक्वलायझरचा नमुना पाइपवायरसोबतच येतो. तो घरच्या फोल्डरमधल्या पाइपवायरच्या कॉन्फिगमध्ये नकलून घ्यायचा आणि चॅनेलची संख्या दोनाऐवजी सहा करून सहाही जागांची नावे लिहायची. एका चॅनेलसाठी लिहिलेली साखळी तो उरलेल्या पाचांना स्वतःच लावतो. प्रत्येक स्पीकरला निराळे वागवायचे असेल, तर प्रत्येकाची साखळी निराळी लिहायची: पुढच्या-मागच्यांना 120 हर्ट्झच्या खाली कापणारी चाळण, आणि तो कापलेला भाग गोळा करून एलएफईत मिसळणारा मिक्सर. एका संध्याकाळचे काम आहे, पण त्यानंतर त्या लहान डब्यांचा आवाज ऐकण्यासारखा असतो. जे काम त्यांना जमत नव्हते ते डोक्यावरून उतरले की बोलणे आपोआप मोकळे होते.

फाइल लिहून पाइपवायर पुन्हा चालू केला की आवाजाच्या यादीत एक नवे, खोटे साउंड कार्ड दिसते. तेच मुख्य म्हणून निवडायचे. तरीही व्हीएलसीवर काहीच फरक पडत नाही, असे होते. कारण पाइपवायरबरोबरचा वायरप्लंबर कोणता कार्यक्रम मागच्या वेळी कुठल्या कार्डावर वाजत होता ते लक्षात ठेवतो, आणि व्हीएलसीला इमानाने जुन्याच कार्डावर नेऊन सोडतो. व्हॉल्यूम कंट्रोलच्या प्लेबॅक टॅबमध्ये त्या कार्यक्रमासमोर कार्ड एकदा बदलून दिले की पुढे तेही लक्षात राहते. त्याच वेळी पीडब्ल्यू-टॉपमध्ये तिन्ही ओळी पाहाव्यात: प्लेअर, इक्वलायझर, कार्ड. तिन्हींत 6 हवा. मध्येच हेडफोन लावून काढले की कधी कधी खरे कार्ड गुपचूप स्टिरिओवर परतते, आणि इक्वलायझर आपला सहा चॅनेल मन लावून सुधारत बसतो.

आता सगळे जागेवर आहे असे धरू. तरी हॉलमध्ये बेस घुमतोच. हा खोलीचा गुण. दहा बाय चौदाचा हॉल घ्या, सिमेंटच्या भिंती, खाली टाइल्स, एकच पडदा. आपल्याकडच्या उकाड्यात आवाज सेकंदाला सुमारे 349 मीटर धावतो. दहा फुटांच्या, म्हणजे 3.05 मीटरच्या दोन भिंतींमध्ये 57 हर्ट्झचा आवाज बरोबर मावतो आणि उभा राहतो. चौदा फुटांमध्ये 41 हर्ट्झचा. या सुरांना खोली स्वतःच मदत करते. स्पीकर-टेस्टला साइन आणि 57 असा आकडा देऊन वूफर वाजवा आणि खोलीत चाला: भिंतीला टेकले की आवाज अंगावर येतो, मधोमध उभे राहिले की जवळपास नाहीसा होतो. भिंतीजवळच्या सोफ्यावर जो फुगवटा ऐकू येतो, तो इक्वलायझरने कमी करता येतो: 57 हर्ट्झला अरुंद फिल्टर, उणे 6 डेसिबल. पण सोफा मधोमध असेल तर तिथला खड्डा इक्वलायझरने भरत नाही. जितके जास्त वाजवाल, तितकेच दोन भिंतींकडून येणारे आवाज एकमेकांना मारतात. तिथे सोफा दोन फूट मागे सरकवणे हाच उपाय, आणि त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

म्हणूनच जाणकार पट्ट्या खाली ओढतात, वर कमी ढकलतात. 6 डेसिबल वाढवणे म्हणजे अँप्लिफायरकडे चौपट ताकद मागणे. 20 वॉट घेणारा सूर 80 मागू लागतो, 10 डेसिबल वाढवले तर 200. तेवढे त्या डब्यात नसते. शिवाय डिजिटलची वरची मर्यादा ठाम आहे. पाइपवायरच्या पोटात आकडे दशांशात असल्याने मध्ये काही तुटत नाही, पण शेवटी कार्डाला पूर्णांकात देताना मर्यादेबाहेरचे सगळे छाटले जाते आणि आवाज फाटतो. कुठेही 6 ने वाढवले असेल, तर सगळ्यांत आधी एकूण पातळी 6 ने उतरवून घ्यावी.

एक तक्रार मात्र कधीच इक्वलायझरकडे नेऊ नये: सतत येणारी ‘हूं’. 50 हर्ट्झ कापून काही होत नाही, कारण ती कॉम्प्युटरच्या बाहेर, वायरीत आणि अर्थिंगमध्ये जन्मते. अँप्लिफायर आणि कॉम्प्युटर वेगवेगळ्या सॉकेटवर असतील तर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा, सॉकेटला खरे अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. हूं जावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. जिवाशी खेळ आहे तो.

आणि रात्री सगळे पुन्हा बिघडल्यासारखे वाटते. दिवसा मोठ्या आवाजात बसवलेली सेटिंग रात्री हळू आवाजात पातळ वाटते, बेस गायब. कानाचाच हा स्वभाव आहे, फ्लेचर आणि मन्सन यांनी तो 1933 मध्येच मोजून दाखवला: आवाज कमी केला की खालचे सूर मधल्यांपेक्षा फार लवकर ऐकू येईनासे होतात. त्यामुळे रात्रीसाठी फिल्टर-चेनची दुसरी फाइल ठेवणे योग्य, त्यात बेस थोडा वर आणि सेंटर दोन-तीन डेसिबल जास्त. बेस फार वर नको. खालच्या मजल्यावर बोलण्याचा आवाज पोचत नाही, 41 हर्ट्झ मात्र स्लॅबमधून बरोबर पोचतो. पहिल्या पाळीला पहाटे निघणारा माणूस खाली झोपलेला असतो. वूफर जमिनीवरून उचलून जाड रबराच्या तुकड्यांवर ठेवला तर त्याला जरा कमी त्रास होतो.